वेताळाच्या जंगलातले बांदार

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या आमच्या वस्त्यांमध्ये वाढलेल्या एका अख्ख्या पिढीचा पहिला कागदी नायक म्हणजे वेताळ. राम आणि कृष्ण आमच्या घरांतून १९५६ नंतर बाहेर गेले होते. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते, आणि पोरांच्या उशाखाली इंद्रजाल कॉमिक्स. देवाधर्माच्या गोष्टी ज्यांना घरात मिळत नव्हत्या, त्या पोरांना पराक्रमाच्या गोष्टी कुठूनतरी हव्याच होत्या. त्या जंगलातून आल्या.

टाइम्स ऑफ इंडिया काढणाऱ्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये मुंबईतून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. १९९० मध्ये ते बंद पडेपर्यंत आठशेहून जास्त अंक निघाले. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली जन्माला घातलेला फँटम मराठीत वेताळ झाला आणि त्याच्याबरोबर जादूगार मॅन्ड्रेकही आला. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या पट्ट्यात हे अंक नवे कोरे विकत घेणारी घरं थोडी. आमच्याकडे ते यायचे रद्दीवाल्याच्या तागडीतून, नाहीतर दिवसाच्या भाड्याने. एक अंक दहा हातांतून फिरायचा, मुखपृष्ठ निघून जायचं, पिना गंजायच्या. आमच्या संग्रहातले निम्मे अंक असेच आहेत, आणि ज्या अंकाबद्दल आम्ही आज लिहितोय त्यालाही मुखपृष्ठ उरलेलं नाही. आतली पानं मात्र पूर्ण आहेत.

तो अंक पुन्हा काढण्याचं कारण सांगतो. यंदाच्या जयंतीला मोबाइलवर एक चित्र फिरत होतं. संगणकाने बनवलेलं. बाबासाहेबांना फुगलेले दंड, छातीवर चिलखत, पाठीवर निळी झूल, मागे गर्जना करणारा सिंह. खाली ‘आमचा सुपरहिरो’. हे चित्र पुढे पाठवणारी पोरं आमचीच आहेत, मनापासून पाठवतात, त्यांच्या भावनेवर आम्हाला शंका नाही. आमचा आक्षेप त्या साच्यावर आहे. सुपरहिरोचा साचा कुठून येतो आणि त्यात घातलेल्या माणसाचं आणि त्याच्या लोकांचं पुढे काय होतं, हे बघायचं असेल तर जुना वेताळ उघडावा लागतो. कारण हा साचा ज्यांनी पहिल्यांदा घडवला, त्यात ली फॉकचं नाव फार वर आहे. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा घालून वेताळ वर्तमानपत्रात आला तेव्हा सुपरमॅनला अजून दोन वर्षं अवकाश होता.

आता अंकातली गोष्ट. पहिल्या वेताळाची कहाणी आहे ही. इसवी सन १५३६. समुद्री चाचे एका जहाजावर हल्ला करतात, सगळे मारले जातात, एक गोरा तरुण तेवढा वाहत किनाऱ्याला लागतो. त्याला सापडतात बांदार, जंगलातले बुटके आदिवासी. ते त्याला उचलून नेतात, औषधपाणी करतात, जगवतात. पुढे किनाऱ्यावर एका चाच्याचं प्रेत मिळतं. अंगावर तरुणाच्या बापाचे कपडे, म्हणजे बापाचा खुनी हाच. त्याच्या कवटीवर हात ठेवून तरुण शपथ घेतो की चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याविरुद्ध मी लढेन, माझी मुलं लढतील, त्यांची मुलं लढतील.

इथपर्यंतची कथा सगळ्यांना पाठ असते, कारण बहुतेक वेताळकथांच्या सुरुवातीला ती थोडक्यात येतेच. पुढचा भाग कमी लोकांच्या लक्षात राहिलाय. हे बांदार स्वतंत्र नसतात. वासाका नावाच्या उंचपुऱ्या जमातीचे ते गुलाम असतात. तरुण वासाकांकडे जाऊन सांगतो की यांना सोडा. वासाका त्यालाच पकडतात, मरायला टाकतात. त्याला कोण सोडवतं? बांदार. गुलामांनी जिवावर उदार होऊन त्याला पळवून आणलेलं असतं. मग तो वासाकांच्या राक्षसी देवाच्या मूर्तीसारखा पोशाख शिवतो आणि तो घालून त्यांच्यासमोर उभा राहतो. आपला देव चालत आला म्हणून वासाका घाबरून जातात. त्या गोंधळात बांदार आपले विषारी बाण घेऊन तुटून पडतात आणि पिढ्यान्‌पिढ्यांची गुलामगिरी संपते.

ही पानं सावकाश बघा. शब्दांचे फुगे झाका आणि नुसती चित्रं बघा. माणसाला वाचवलं कुणी, एकदा नाही, दोनदा? बांदारांनी. बाण कुणाचे? बांदारांचे. बाणाला लावायचं विष जंगलातून शोधून काढायची विद्या कुणाची? बांदारांची. मेले असतील तर कोण? तेच. त्या गोऱ्या तरुणाचं योगदान म्हणजे एक पोशाख आणि समोर उभं राहण्याचं धाडस. धाडस नाकारायचं कारण नाही. पण लढाई संपल्यावर ज्या गुहेत सिंहासन बसतं ती गुहा त्याची, जंगलभर ढोल वाजतात ते त्याच्या नावाने, आणि बांदार त्या गुहेचे पहारेकरी होतात. चारशे वर्षं. एकविसाव्या वेताळापर्यंत.

एकवीस पिढ्यांत एकही बांदार वेताळ झाला नाही. या एका वाक्यावर आमचा सगळा लेख उभा आहे. गुरन हा बांदारांचा प्रमुख. एकविसाव्या वेताळाबरोबर तो लहानाचा मोठा झालेला, त्याचा जिवलग. वेताळाचं गुपित त्याला ठाऊक, जंगल त्याला वेताळापेक्षा जास्त ठाऊक. वेताळाला गोळी लागली तर जडीबुटी करणारा तोच. पण वेताळ मेला तर मुखवटा गुरनच्या तोंडावर चढणार नाही. तो विदेशात शिकून परतलेल्या वेताळाच्या मुलाच्या तोंडावर चढणार. गुरन तो चढताना बघणार आणि पहाऱ्यावर जाऊन उभा राहणार. जन्मावरून ठरलेलं काम, जन्मावरून ठरलेली जागा, मैत्री कितीही घट्ट असली तरी न ओलांडता येणारी रेघ. या व्यवस्थेला आपल्याकडे काय म्हणतात, हे या लेखाच्या वाचकाला आम्ही सांगायची गरज नाही.

आणि ही व्यवस्था टिकते कशावर? अज्ञानावर. वेताळ अमर आहे, चारशे वर्षं तोच एक माणूस जिवंत आहे, असं सगळं जंगल मानतं. बाप मरतो, मुलगा तोच पोशाख घालतो, लोकांना वाटतं देव मरत नाही. खरी गोष्ट ठाऊक असते ती बांदारांना आणि मोजक्या जवळच्यांना, आणि ते ती लपवून ठेवतात. गोष्टीतला अन्यायाचा शत्रू लोकांना खोटं सांगून, भीती दाखवून राज्य करतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. मूर्ती घडवणारा, मूर्तीच्या मागे लपणारा आणि मूर्तीच्या नावाने हुकूम सोडणारा, हे तिन्ही एकाच माणसात बघायला मिळणं तसं दुर्मीळच. आपल्याकडे निदान कामाची वाटणी असते.

आता याच्या शेजारी महाड ठेवा. २० मार्च १९२७. बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यांच्या मागोमाग हजारो माणसं उतरली आणि तीही प्यायली. त्या दिवशी कुणी कुठल्या देवाचा पोशाख घातलेला नव्हता. समोरच्यांना घाबरवून सोडायचा बेत नव्हता, उलट समोरचेच लाठ्या घेऊन नंतर परतणाऱ्या माणसांवर तुटून पडले. बाबासाहेबांचं पाणी पिणं आणि आमच्या आज्या-पणज्यांचं पाणी पिणं यांत काही फरक नव्हता, हाच तर त्या दिवसाचा अर्थ होता. त्यांनी एकट्याने पाणी पिऊन सगळ्यांच्या वतीने तळं मोकळं झालं असं जाहीर केलं असतं, तर ती वेताळाची गोष्ट झाली असती. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मनुस्मृती जाळली ती अंधारात, लपूनछपून नाही. परिषद भरवून, ठराव करून, सगळ्यांसमोर. वेताळाच्या हातात असा कागद कधी दिसत नाही. त्याच्याकडे अंगठी असते, ठोसा बसला की गुन्हेगाराच्या जबड्यावर कवटी उमटवणारी.

शपथेचंच घ्या. कवटीवर घेतलेली शपथ एकाने घेतली आणि एकवीस पिढ्यांवर लादली. पोटातल्या पोराला कुणी विचारलं नाही. घराबाहेरच्या कुणाला ती घ्यायची परवानगीही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञा कुणाच्या मालकीच्या आहेत? मैदानातल्या प्रत्येकाने त्या स्वतःच्या तोंडाने म्हटल्या. बाबासाहेबांनी त्या आपल्या मुलासाठी राखून ठेवल्या नाहीत. आजही कुणीही उठून, कुठल्याही वस्तीत, त्या घेऊ शकतो आणि त्याच क्षणी पहिल्या दिवशीच्या माणसाच्या बरोबरीचा होतो. बुद्धानेही मागे वारस ठेवला नाही, धम्म हाच वारस. आपण मोक्ष देणारे नाही, वाट दाखवणारे आहोत, हा बुद्धाचा दावा बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये किती आग्रहाने पुढे ठेवला आहे ते वाचून बघा. वाट दाखवणाऱ्याला मुखवटा लागत नाही. त्याचा चेहरा लोकांना दिसलेलाच बरा, म्हणजे त्याला प्रश्न विचारता येतात.

वेताळाच्या जगात आणखी एक माणूस आहे, त्याच्यावर आमचा जास्त जीव आहे. डॉक्टर लमांडा लुआगा. काळा माणूस, पेशाने डॉक्टर, वेताळाच्या त्या देशाचा लोकांनी मतदान करून निवडलेला राष्ट्राध्यक्ष. जनरल बाबाबू हा लष्करशहा निवडणूक हरतो आणि निकाल उधळून लावायला निघतो. लुआगा मात्र मतपेटीवर अडून राहतो. शिकलेला, लोकांतून आलेला, बंदुकीपुढे कायदा धरून उभा राहिलेला हा माणूस आम्हाला ओळखीचा वाटतो. पण या देशाच्या जंगलात कायदा राखणारं जे गस्ती दल आहे, त्याचा सर्वोच्च अधिकारी कोण, हे त्या दलालाही माहीत नाही. हुकूम कार्यालयातल्या तिजोरीतून येतात. अधिकारी तिजोरी उघडतो, चिठ्ठी काढतो, सलाम ठोकतो. चिठ्ठी लिहिणारा वेताळ. निवडून न आलेला, कुणालाही जबाब न देणारा, बापाकडून पद मिळालेला.

म्हणजे राष्ट्राध्यक्ष राजधानीत, आणि खरा हुकूम तिजोरीत. आम्ही भारतातले आहोत. हे चित्र आम्हाला परकं कसं वाटेल? राज्यघटना दर्शनी भागात, आणि गावाची विहीर, घरमालकाची पसंती, लग्नाचा बायोडेटा, मुलाखतीत हळूच विचारलेलं आडनाव, हे सगळं तिजोरीतल्या चिठ्ठीवर. सही कुणाची ते कुणी विचारत नाही. मुंबईच्या उपनगरातसुद्धा भाड्याने घर शोधताना ती चिठ्ठी आम्ही हजार वेळा वाचलेली आहे, दलालाच्या चेहऱ्यावर. ली फॉकने हे टीका म्हणून लिहिलं नव्हतं, त्याला ते सुंदर वाटत होतं. सुंदर वाटतं हीच अडचण आहे.

इथे काही मित्र म्हणतील की अहो, पोरांचं पुस्तक आहे ते, त्यात एवढं काय खणायचं? या आक्षेपाला उत्तर प्रकाशकांनीच देऊन ठेवलंय. मूळ कथेत या देशाचं नाव बंगालशी जुळणारं होतं आणि चाच्यांच्या टोळीच्या नावात ‘सिंग’ होतं. इंद्रजालच्या अंकांत देशाचं नाव डेंकाली झालं आणि चाचे ‘सिंगा’ झाले. का? कुणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून. म्हणजे पोरांच्या पुस्तकाचा परिणाम होतो हे मोठ्यांना चांगलंच कळत होतं. ज्यांच्या रागाची दखल घ्यावी लागते त्यांच्यासाठी नावं बदलली गेली. जंगलात राहणारा माणूस पहाऱ्यालाच जन्मलेला असतो, हे मात्र तसंच राहिलं. त्यावर रागावणारं कुणी अंक विकत घेत असेल असं त्यांना वाटलं नसावं. मॅन्ड्रेकचा लोथार बघा. राजपुत्र, जगातला सर्वांत ताकदवान माणूस, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं अंगावर चित्त्याचं कातडं घालून जादूगाराच्या मागे चालणारा नोकर. अमेरिकेत काळ्या लोकांची नागरी हक्कांची चळवळ रस्त्यावर आली तेव्हा, १९६०च्या दशकात, त्याच्या अंगावर नीट कपडे चढले आणि तोंडी नीट भाषा आली. चित्रातला माणूसही रस्त्यावरच्या लढ्याशिवाय सरळ उभा राहिला नाही.

सगळंच टाकाऊ होतं असं आम्ही म्हणत नाही. गुलामांचा व्यापार करणाऱ्यांना वेताळ झोडपायचा तेव्हा आमच्या मुठी वळायच्या, त्या मुठी खऱ्या होत्या. आबिद सुरतींनी १९७६ मध्ये इंद्रजालसाठी ‘बहादूर’ लिहिला, गोविंद ब्राह्मणियांनी तो काढला. कुर्ता आणि जीन्स घातलेला, मुखवटा नसलेला, दरोडेखोराचा मुलगा. बापाचा धंदा न चालवणारा मुलगा, हे वेताळाच्या बरोबर उलटं होतं. तो गावकऱ्यांना एकत्र करून त्यांचं दल उभं करतो. त्याचं पोलिसांवर जरा जास्तच प्रेम होतं हे मान्य, तरी पावलं योग्य दिशेला पडली होती. सुरती पुढे मीरा रोडला राहू लागले आणि २००७ पासून दर रविवारी प्लंबरला घेऊन दारोदार जाऊन लोकांचे गळके नळ फुकट दुरुस्त करून देऊ लागले. सुपरहिरो लिहिणाऱ्या माणसाने म्हातारपणी वॉशर बदलत फिरावं, हे आम्हाला भारी आवडतं.

आणि चित्रकथेत बाबासाहेब येऊच नयेत असंही नाही. इंद्रजालच्या सुरुवातीच्या काळात तिथे काम केलेल्या अनंत पैंनी पुढे अमर चित्रकथा काढली. तिच्यात देव, राजे आणि ऋषी यांची रांग लागली, ती का लागली हे वेगळं सांगायला नको. त्याच मालिकेत १९७९ मध्ये बाबासाहेबांवर अंक आला. त्यातला पोरगा बैलगाडीतून उतरवला जातो, पाण्यासाठी तडफडतो, वर्गात गोणपाटावर बसतो. त्याला कुठली जादू येत नाही. २०११ मध्ये नवयान प्रकाशनाने ‘भीमायन’ काढलं. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी ते रंगवलं. त्यात चौकटी नाहीत, कारण माणसांना खोक्यात कोंबायचं नाही असं त्या चित्रकारांनी ठरवलं होतं. विखारी बोलणाऱ्याच्या शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे, साध्या माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकारात आहे. ज्यांना वेताळाच्या गोष्टीत पहाऱ्यावर ठेवलं होतं, त्यांच्यापैकी दोघांनी ब्रश हातात घेतला की पान असं दिसतं. संगणकाला ‘बाबासाहेब, सुपरहिरो’ एवढं सांगून जे मिळतं ते याच्या शेजारी ठेवून बघा.

पोरं आम्हाला विचारतात की मग पँथरचं काय? तोही कॉमिकमधलाच. मार्व्हलचा ब्लॅक पँथर १९६६ च्या जुलैत आला, अमेरिकेतला ब्लॅक पँथर पक्ष त्याच वर्षी ऑक्टोबरात. आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्या पक्षाकडे बघून. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्याबरोबरची सगळी पोरं. २०१८ ला सिनेमा आला तेव्हा आमच्या कितीतरी तरुणांनी प्रोफाइलला तो काळा मुखवटा लावला. लावू द्या, काळा नायक पडद्यावर बघण्याचा आनंद आम्हीही घेतला. पण मार्व्हलचा पँथर राजा आहे, राजाचा मुलगा आहे, गादी त्याला रक्ताने मिळालीय. आमची पँथर हे अनेकवचन होतं. वस्तीतला जो कुणी छावणी काढून बसेल तो पँथर. ती फुटली, भांडली, विखुरली, सगळं खरं. फुटण्याचं एक कारण हेच नव्हतं का, की प्रत्येकाला आपण एकटेच वेताळ आहोत असं वाटू लागलं?

व्यक्तिपूजेबद्दल बाबासाहेब दोनदा फार स्पष्ट बोलले आहेत. जानेवारी १९४३ मध्ये पुण्यात, रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात, आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत. धर्मात भक्ती चालेल, राजकारणात ती हुकूमशाहीकडे नेते, कितीही मोठा माणूस असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका, असा त्या सांगण्याचा आशय. हा इशारा देताना त्यांनी स्वतःचा अपवाद केलेला नाही. तरी आम्ही काय केलं? त्यांना चिलखत घातलं, आणि त्यांच्या नावाच्या तिजोरीची किल्ली आपल्याच घराण्यात राहावी म्हणून निवडणुकीमागून निवडणूक भांडत बसलो. कार्यकर्त्याने वीस वर्षं सतरंज्या उचलाव्यात, रात्री बॅनर बांधावेत, पोलीस ठाण्यात रात्र काढावी, आणि तिकिटाच्या वेळी पुण्याई मोजली जावी ती आडनावाची. त्या कार्यकर्त्याचं नाव गुरन आहे.

घाटकोपरचं माता रमाबाई आंबेडकर नगर आठवा. ११ जुलै १९९७ च्या सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव दलाने गोळीबार केला आणि दहा माणसं मारली. चारच दिवसांनी मुलुंडमध्ये शाहीर विलास घोगरेंनी स्वतःला संपवलं. हमरस्त्यावरचे गॅसचे टँकर जमाव पेटवणार होता म्हणून गोळ्या झाडल्या, असं सांगितलं गेलं. गुंडेवार आयोगापुढे ते टिकलं नाही. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. नंतर उच्च न्यायालयात त्याला जामीन मिळाला, आणि तो मिळायला फार दिवस लागले नाहीत, हेही लक्षात ठेवा.

त्या दिवशी रमाबाई नगरात कुठला वेताळ आला होता? बारा वर्षं चाललेल्या त्या प्रकरणात सही करणारी, कामाची खाडी करून कोर्टात जाणारी, उलटतपासणीत घाम फुटला तरी तेच सांगणारी माणसं कोण होती? घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षावाले, पालिकेचे कामगार, गोळी लागून अधू झालेली माणसं. आपला माणूस गमावून पुन्हा त्याच सरकारच्या दारात उभं राहायला जे लागतं, ते काढायला चित्रकारांनी अजून पेन्सिल उचललेली नाही. त्यांचा पोस्टर कुठल्या जयंतीला लागलेला आम्ही पाहिला नाही. बांदारांचे बाण, पोशाखाचं नाव.

म्हणून आम्ही काही जणांनी एक काम हातात घेतलंय. रमाबाई नगरचा पुनर्विकास सुरू झालाय, घरं रिकामी होताहेत, माणसं भाड्याच्या खोल्यांतून ठाण्यापासून कल्याणपर्यंत पांगताहेत. पांगलेल्या माणसाबरोबर त्याची पत्र्याची पेटी जाते आणि पेटीतले फोटो, कात्रणं, कोर्टाचे कागद ओले होऊन संपतात. ते संपायच्या आत त्या साक्षीदारांच्या तोंडून सगळं ऐकून घ्यायचं आणि त्याची चित्रकथा करायची. पहिलं प्रकरण आठवी-नववीतली पोरं काढताहेत. गेल्या रविवारी वाद झाला तो पहिल्या चित्रावरून. एका मुलाला सुरुवात पुतळ्यापासून करायची होती. एक मुलगी म्हणाली, सुरुवात त्या दिवशी पाणी भरायला पहाटे उठलेल्या बायांपासून करू, कारण त्याच सगळ्यात आधी जाग्या होत्या. निर्णय अजून झालेला नाही. ज्यांच्या घरी त्या काळातले फोटो, पत्रकं, कात्रणं असतील त्यांनी मूळ प्रत स्वतःजवळच ठेवावी, मोबाइलवर नीट उजेडात फोटो काढून द्यावा, आणि फोटोत कोण कोण आहे हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून पाठीमागे लिहून ठेवावं. चित्र काढता येणाऱ्यांची फार गरज आहे. लुगड्याच्या निऱ्या काढता येत असतील तर उत्तम, आमच्या पोरांना अजून त्या जमत नाहीत.